पॉवर स्टेअरिंग गेलं? ‘असेंब्ली’ बदलण्याआधी एवढं तपासा

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत साताऱ्याहून परत येत होतो. कात्रजचा नवा बोगदा संपला, नवले पुलाकडचा उतार सुरू झाला आणि माझ्या हॅचबॅकचं स्टेअरिंग एकदम दगड झालं. डॅशबोर्डवर पिवळ्या रंगात स्टेअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. पाऊस, मागे ट्रक, शेजारी बायको गप्प. कशीबशी गाडी डावीकडे घेतली.

दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरने एस्टिमेट हातात ठेवलं. ‘स्टेअरिंग कॉलम असेंब्ली’ (स्टेअरिंगखालचा अख्खा दांडा, त्यावरच्या मोटरसकट), लेबर आणि कर धरून ४१ हजार ८०० रुपये. अडीच लाखही न येणाऱ्या गाडीला! शेवटी माझे गेले साडेपाच हजार, त्यातले बहुतेक नव्या बॅटरीचे.

त्याच वर्षी माझ्या मेव्हण्याने बरोबर उलटं केलं. त्याच्या एसयूव्हीचं स्टेअरिंग ऑइल गळतंय हे त्याला सहा महिने माहीत होतं. तो फक्त वरून ओतत राहिला. दीड हजारात झाला असता असा एक होज (ऑइलची जाड रबरी नळी) त्याने टाळला, एका प्रवासात टाकी पार कोरडी पडली, पंप खाल्ला गेला, पंपातला लोखंडी चुरा रॅकमध्ये, म्हणजे चाकं वळवणाऱ्या आडव्या भागात, शिरला आणि बिल ३८ हजारांवर गेलं.

म्हणजे दर वेळी सर्व्हिस सेंटर फसवतं असंही नाही आणि दर वेळी स्वस्तात सुटतं असंही नाही. बिल किती येणार हे बऱ्याच अंशी तपासणी कोणत्या क्रमाने झाली यावर ठरतं. तो क्रम गाडीमालकालाही माहीत असावा, म्हणून हा लेख. मी मेकॅनिक नाही. गाडीखाली झोपायची हौस आणि दोन चांगल्या मिस्त्रींची ओळख, एवढंच माझं भांडवल.

स्टेअरिंग जड होतं त्या क्षणी

पहिली गोष्ट ध्यानात ठेवा: पॉवर गेली म्हणून स्टेअरिंग चाकांपासून सुटत नाही. आपल्याकडच्या गाड्यांत स्टेअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी जोड असतोच. मदत गेली आहे, ताबा गेलेला नाही. दोन्ही हातांनी जोर लावला तर गाडी वळते. वेग असेल तेव्हा त्यातल्या त्यात सोपी वळते, वेग कमी झाला की हात भरून येतात.

म्हणून घाबरून किल्ली फिरवू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकच्या बूस्टरची मदतही दोन-तीन दाबांत संपते, आणि चुकून किल्ली बाहेर आली तर स्टेअरिंग लॉकच होऊ शकतं. इंडिकेटर द्या, अ‍ॅक्सिलरेटर सोडा, गिअर उतरवत डावीकडे या, थांबल्यावर पार्किंग लाइट लावा. घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे अजूनही भेटतात. ते हाच प्रसंग स्वतःच्या हाताने ओढवून घेतात, तोही वळणावर.

थांबल्यावर डॅशबोर्ड नीट बघा. स्टेअरिंगबरोबर बॅटरीचा लाल दिवा लागला असेल आणि तापमानाचा काटा चढत असेल, तर बहुधा बेल्ट तुटला आहे. बऱ्याच इंजिनांत एकच लांब बेल्ट अल्टरनेटर, स्टेअरिंगचा पंप आणि पाण्याचा पंपही फिरवतो. अशा वेळी ‘स्टेअरिंग जड आहे, पण नेतो हळूहळू घरापर्यंत’ हे धाडस इंजिनाच्या हेड गॅस्केटवर जाऊ शकतं. इंजिन बंद करा आणि टो व्हॅन बोलवा. विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीचं अ‍ॅड-ऑन घेतलंय का ते बघा. पुष्कळांनी पैसे भरलेले असतात आणि आठवण नसते. जागा धोक्याची असेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही ११२ लावा. राष्ट्रीय महामार्गावर टोल भरताना आपण या मदतीचे पैसे मोजलेले असतात, संकोच करू नका.

फक्त स्टेअरिंगचाच दिवा असेल तर सुरक्षित जागी गाडी बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. अरुंद पार्किंगमध्ये दहा-बारा वेळा पुढे-मागे केलं की इलेक्ट्रिक स्टेअरिंगची मोटर तापते आणि स्वतःला वाचवायला मदत कमी करते. थंड झाली की पूर्ववत होते. तो बिघाड नव्हे.

एका बाबतीत मात्र अजिबात धोका पत्करू नका. स्टेअरिंग जड न होता आपलं आपण एका बाजूला ओढत असेल, झटके देत असेल, किंवा हातात मोकळं खेळत असेल, तर गाडी तिथेच सोडा. जड स्टेअरिंगने घर गाठता येतं, मनाला येईल तसं वळणाऱ्या स्टेअरिंगने नाही.

आधी ओळखा: ऑइलचं की करंटचं

बॉनेट उघडा. स्टेअरिंगचं चित्र असलेलं झाकण आणि खाली प्लास्टिकची छोटी टाकी दिसली तर तुमचं स्टेअरिंग हायड्रॉलिक आहे, म्हणजे इंजिनाच्या बेल्टवर चालणारा पंप ऑइल दाबतो आणि ते ऑइल रॅकला ढकलतं. बोलेरो, जुनी स्कॉर्पिओ, २००५ मध्ये आलेली पहिली इनोव्हा ही आपल्या रस्त्यावरची ओळखीची उदाहरणं. टाकी दिसतच नसेल तर इलेक्ट्रिक, म्हणजे ईपीएस. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांत हेच असतं. काही गाड्यांत तिसरा प्रकारही निघतो: ऑइल आहे, पण पंप बेल्टऐवजी विजेच्या मोटरवर चालतो. तिथे दोन्हीकडची दुखणी एकत्र नांदतात.

गंमत म्हणजे मोठ्या गाड्यांची ही ऐट छोट्या गाड्यांपर्यंत वेगळ्याच वाटेने आली. अमेरिकेत १९५१ च्या क्रायस्लर इम्पीरियलबरोबर हायड्रॉलिक स्टेअरिंग बाजारात आलं, आणि इलेक्ट्रिक स्टेअरिंग पहिल्यांदा आलं ते १९८८ मध्ये जपानच्या सुझुकी सर्वो या इवल्याशा गाडीत. छोट्या इंजिनाला बेल्टवरचा पंप ओढायला लावणं परवडत नव्हतं. ईपीएसची मोटर आपण स्टेअरिंग फिरवतो तेव्हाच वीज खाते, पण खाते तेव्हा घसघशीत खाते. गाडी उभी असताना पूर्ण वळवलं तर काही क्षण ४०–५० अँपिअर किंवा त्याहून जास्त. हे पुढे कामाला येणार आहे.

पाना हातात घेण्याआधी

पुढच्या चाकांची हवा बघा. हसू नका. दोन्ही टायर दहा-बारा पीएसआयने उतरलेले असले की स्टेअरिंग जड लागतं आणि लोक पंपाची चौकशी करत फिरतात. हळूहळू, महिना-दोन महिन्यांत जड होत गेलेलं स्टेअरिंग बहुधा हवा, अलाइनमेंट किंवा सस्पेन्शनकडे बोट दाखवतं. अचानक जड झालेलं असेल तर बेल्ट, ऑइल किंवा करंटकडे बघायचं.

पुढची चाचणी गॅरेजमध्ये तुमच्यासमोर करून घ्या. पुढची दोन्ही चाकं जॅकवर उचलायची, स्टँड लावायचे, इंजिन बंद ठेवायचं, किल्ली फक्त लॉक सुटेल एवढी फिरवायची आणि स्टेअरिंग हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं. जमिनीचं घर्षण नसल्याने ते एकसारखं फिरायला हवं. एखाद्याच जागी अडकत असेल, करकरत असेल, तर दोष पॉवरमध्ये नसून लोखंडात आहे: कॉलमखालचा क्रॉस जॉइंट गंजलेला, शॉकअपच्या वरचं बेअरिंग संपलेलं, किंवा बॉल जॉइंट कोरडा. कोकणात आणि गोव्यात समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्यांत हा गंजलेला क्रॉस जॉइंट सर्रास सापडतो. तो हजार-दोन हजारांत निस्तरतो, आणि तो न बघताच रॅक बदललेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. रॅक नवा, स्टेअरिंग तसंच जड.

ऑइलचं स्टेअरिंग असेल तर

गाडी सपाट जागी लावून टाकीतली पातळी बघा. टाकीवर गरम आणि थंड अशा वेगळ्या खुणा असतात. ऑइलचा रंगही बघा. लाल किंवा फिकट मधासारखं असेल तर ठीक. काळं आणि जळका वास येणारं म्हणजे म्हातारं झालेलं. गुलाबी दुधासारखा फेस म्हणजे आत हवा शिरते आहे. ऑइल कुठलं घालायचं ते झाकणावर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन प्रकारचं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑइल) चालतं, काहींना हिरवं खास फ्लुइडच लागतं. ब्रेक ऑइल चुकूनही ओतू नका, आतली रबरी सीलं फुगून नासतात. पेट्रोल पंपावर एखाद्या पोराने उत्साहाने ओतलंच असेल तर इंजिन सुरू करू नका, आधी टाकी उपसा.

मग आवाज ऐका. गाडी सुरू करताना किंवा डबक्यातून गेल्यावर ‘कुंईऽऽ’ असा चिरका आवाज बेल्टचा असतो: सैल झालाय किंवा भिजलाय. वळवताना येणारी, इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी घुरघुर पंपाची असते, आणि निम्म्या वेळा तिचं कारण कमी झालेलं ऑइल किंवा आत शिरलेली हवा हेच असतं. पंप दोषी ठरवण्याआधी हवा काढून बघा.

ते काम अवघड नाही. पुढची चाकं उचला, टाकी भरा, इंजिन बंद ठेवून स्टेअरिंग हळूहळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे पंधरा-वीस वेळा फिरवा. मधेमधे पातळी घटली की भरा. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून तेच चार-पाच वेळा करा. स्टेअरिंग शेवटच्या टोकाला दाबून पाच सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, तेव्हा पंपावर सगळ्यांत जास्त दाब येतो. रोजच्या पार्किंगमध्येही ही सवय लावून घ्यावी. जुनं ऑइल बदलायचं असेल तर मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, टाकीतलं ऑइल उपसा, नवं भरा, दोन दिवस चालवा आणि पुन्हा उपसा. तीन-चार फेऱ्यांत बहुतेक ऑइल बदलून होतं, तेही हात फारसे न बरबटता.

गळती कुठून आहे हे शोधणं मात्र खरं कसब आहे, कारण यावरच बिलात वीस-पंचवीस हजारांचा फरक पडतो. आधी खालचा भाग धुऊन कोरडा करून घ्या, दोन दिवस गाडी चालवा, मग रॅम्पवर बघा. ओल्या, मातीने माखलेल्या गाडीखाली टॉर्च मारून ‘रॅक लीक आहे साहेब’ म्हणणाऱ्याला मी लगेच मान डोलावत नाही. वरून गळलेलं ऑइल ओघळत रॅकवरच जमा होतं.

होजचं ओलं बहुतेकदा त्याच्या लोखंडी टोपणाजवळ, रबर आणि पाइप जुळतात तिथे दिसतं. पंपाचं सील गेलं असेल तर पुलीमागे ओल येते. आणि रॅकच्या दोन्ही टोकांना असलेले अकॉर्डियनसारखे रबरी बूट दाबून बघा. आत ऑइल डचमळत असेल तर रॅकचं आतलं सील खरोखर गेलं आहे. तेव्हा मात्र कामाला पर्याय नाही.

होज मूळ कंपनीचा महाग वाटला किंवा मिळत नसला तर एमआयडीसीत हायड्रॉलिक होज बनवणारी दुकानं शोधा. जेसीबी आणि प्रेस मशिनचे होज ती रोज बनवतात. तुमच्या जुन्या पाइपची टोकं ठेवून मधलं रबर नवं टाकून प्रेस करून देतात. या लायनीत मोठा दाब असतो, ८० बारच्या आसपास किंवा त्याहूनही वर, आणि ऑइलही गरम. म्हणून दुकानदाराला कुठल्या कामासाठी हवा ते स्पष्ट सांगा. पेट्रोलची नळी आणि क्लिप लावून केलेला जुगाड दाबाच्या लायनीवर काही मिनिटं टिकतो. नंतर गरम ऑइल थेट सायलेन्सरवर उडतं.

रॅकला सील किट टाकून घेणार असाल तर एक अट घाला: उघडलेल्या रॅकमधला दांडा मला दाखवा. त्यावर नख फिरवा. नख अडकेल अशी रेघ किंवा गंजाचे खड्डे असतील, तर नवं सील तो दोन महिन्यांत फाडतो आणि लेबर दुसऱ्यांदा जातं. दांडा गुळगुळीत असेल तर चांगल्या हातातलं किट वर्षानुवर्षं चालतं.

करंटचं स्टेअरिंग असेल तर

इथे ऑइल नाही, गळती नाही, त्यामुळे डोळ्यांना काही दिसत नाही. म्हणूनच ‘पूर्ण कॉलम बदला’ हे उत्तर चटकन येतं. मोटर, टॉर्क सेन्सर (आपण किती जोराने वळवतो ते मोजणारा) आणि बऱ्याचदा ईसीयूही (मोटरला हुकूम देणारा बोर्ड) कॉलमवर एकत्र बसवलेले असतात आणि कंपनी तो एकच पार्ट म्हणून विकते. सर्व्हिस सेंटरमधल्या माणसाला त्याचा भाग उघडायची परवानगीही नसते. त्याच्या जागी बसून बघितलं तर त्याचं चूक नाही. पण पैसे आपले.

सुरुवात बॅटरीपासून. तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. १२.२ च्या खाली असेल तर बॅटरी निम्मी रिकामी आहे. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ यायला हवेत. नाही आले तर अल्टरनेटर बघा. ईपीएसला व्होल्टेज पडलेलं चालत नाही, ती सरळ हात वर करते. चार वर्षांची बॅटरी, वर वायपर, हेडलाइट आणि एसी. माझ्या त्या जुलैच्या संध्याकाळी अगदी हेच जमून आलं होतं.

पण नुसती बॅटरी बदलून माझं भागलं नसतं, आणि हा भाग बहुतेक जण वगळतात. अर्थिंग. बॅटरीच्या निगेटिव्हपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी जाड वायर बोल्टपाशी गंजते. वरून ती ठीकठाक दिसते, दिवे लागतात, गाडीही सुरू होते. पण स्टेअरिंग मोटरने ४० अँपिअर मागितले की तिथे व्होल्टेज अडतं. चाचणी अशी: इंजिन चालू, हेडलाइट चालू, मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरं बॉडीच्या उघड्या लोखंडावर. दुसऱ्या कुणाला तरी उभ्या गाडीत स्टेअरिंग गोल फिरवायला सांगा. आकडा ०.२–०.३ व्होल्टच्या वर उडत असेल तर अर्थिंग खराब आहे. माझ्या गाडीत तो ०.९ पर्यंत जात होता. बोल्ट काढला, पॉलिश पेपरने घासला, नवी पट्टी टाकली. बॅटरीवाला इलेक्ट्रिशियन होता शेजारच्या गल्लीतला. त्याने या सगळ्याचे साडेतीनशे घेतले आणि वर चहा पाजला.

फ्यूजही बघा. ईपीएसचा फ्यूज मोठा असतो, बहुधा बॉनेटखालच्या डब्यात बोल्टने घट्ट बसवलेला. तो उडाला असेल तर नुसता बदलून गाडी घेऊन पळू नका, उडाला का ते शोधायला हवं. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरी कुरतडतात, तिकडेही नजर टाका. साचलेल्या पाण्यातून गाडी नेली असेल तर पायाशी असलेला गालिचा उचलून बघा. आत ओल असेल तर कनेक्टर हिरवे पडलेले असू शकतात.

यानंतर स्कॅनिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणं. बॅटरीची वायर काढण्याआधी स्कॅन करून घ्या, काही गाड्यांत वायर काढली की कोड पुसले जातात आणि पुरावाच जातो. ऑनलाइन मिळणारे सात-आठशेचे ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक इंजिनचेच कोड वाचतात, ईपीएसपर्यंत पोहोचत नाहीत. स्कॅनर चांगला असलेल्या गॅरेजमध्ये जा आणि कोडचा फोटो मोबाइलवर घ्या. कोड काय सांगतो यावर पुढचं सगळं ठरतं. ‘व्होल्टेज कमी’ असा कोड असेल तर कॉलम बदलण्याचा प्रश्नच येत नाही. टॉर्क सेन्सरचा कोड असेल तर आधी कनेक्टर आणि वायरिंग, मग सेन्सर. स्टेअरिंग अँगल सेन्सरचा कोड कधीकधी नुसत्या कॅलिब्रेशनने, म्हणजे स्कॅनरवरून सेन्सरचा मध्य पुन्हा ठरवून, जातो, विशेषतः अलाइनमेंटनंतर दिवा लागला असेल तर.

मोटर किंवा ईसीयू खरंच गेला असेल, तरी नवा कॉलम हा एकच रस्ता नाही. मोठ्या शहरांत ईपीएस उघडून मोटरचे ब्रश, रिले आणि बोर्डवरचे सुटलेले सोल्डर दुरुस्त करणारे कारागीर आहेत. त्यांचं काम चांगलं असतं, पण दोन गोष्टी विचारा: किती महिन्यांची लेखी गॅरंटी आणि बसवल्यावर कॅलिब्रेशन कोण करणार. टॉर्क सेन्सरच्या बाबतीत मात्र मी स्वतः दुरुस्तीच्या वाटेला जाणार नाही. चुकीचं माप देणारा सेन्सर गाडीला भलतीकडे वळवू शकतो. तिथे पैसे मोजावेत.

फ्यूज काढून स्टेअरिंग ‘मॅन्युअल’ करून देणारे मिस्त्रीही भेटतात. झटके देणारी गाडी गॅरेजपर्यंत न्यायला ही युक्ती ठीक. त्याच अवस्थेत महिनोन्‌महिने चालवणं नाही: ही स्टेअरिंगं मदतीशिवाय चालवण्यासाठी बनवलेलीच नसतात, ऐन वेळी गाडी वाचवायला लागणारा झटपट वळसा हातून निघत नाही.

किती पैसे लागतील

खालचे आकडे पुण्यातल्या गॅरेजांमधून विचारलेले आणि ओळखीच्यांच्या बिलांवरून काढलेले आहेत. गाडी, गाव आणि पार्ट यांनुसार कमी-जास्त होतील. भाव ठरवण्यापेक्षा ‘हे फारच वेगळं सांगतायत’ हे ओळखायला उपयोगी.

ऑइल बदलून हवा काढणं ८०० ते २ हजार. बेल्ट लेबरसह १ ते अडीच हजार. होज प्रेस करून घेतला तर हजार-दीड हजार, मूळ कंपनीचा ३ ते ८ हजार. पंपाला सील किट दीड-दोन हजार, नवा पंप ७ हजारांपासून एसयूव्हीत १८–२० हजारांपर्यंत. रॅक उतरवून सील किट टाकणं ४ ते ७ हजार, नवा रॅक १५ ते ३५ हजार. ईपीएसच्या मोटर किंवा बोर्डची दुरुस्ती ४ ते १२ हजार, नवा कॉलम छोट्या गाडीत २० हजारांच्या पुढे आणि महागड्या गाडीत साठच्याही वर. रॅकचं काहीही केलं की अलाइनमेंटचे पाच-सातशे धराच.

करात एक बदल लक्षात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे, पूर्वी बऱ्याच पार्टवर २८ होता. एस्टिमेटवर अजून जुना दर दिसला तर विचारा.

जुना माल हा वेगळा विषय. मुंबईत कुर्ल्याला, दिल्लीत मायापुरीला ‘कटिंगचा’, म्हणजे तोडलेल्या गाड्यांतला माल मिळतो, नव्याच्या तिसऱ्या हिश्शात. जुना हायड्रॉलिक पंप मी घेईन. जुना रॅक दांडा तपासूनच. ईपीएस कॉलम घेताना पार्ट नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळायला हवा, कारण एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाडीचं वजन वेगळं, म्हणून ईसीयूतलं सेटिंग वेगळं असू शकतं. आणि बिल घ्याच. बिल नसलेला पार्ट चोरीच्या गाडीचा निघाला तर स्टेअरिंगपेक्षा मोठा व्याप मागे लागतो.

एस्टिमेट हातात आल्यावर

वाद घालू नका. फक्त विचारा, ‘हे कोणती चाचणी करून ठरवलं?’ कोड आला असेल तर कोडचा नंबर, बॅटरीचं व्होल्टेज मोजलं का, बूटमध्ये ऑइल सापडलं का. नीट काम करणारा माणूस दोन वाक्यांत उत्तर देतो, बहुधा आनंदाने देतो. ‘साहेब, या मॉडेलला हेच होतं’ हे उत्तर नाही. ते खरं असू शकतं, तरीही चाचणी करायला पाच मिनिटं लागतात.

जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘पावसात, हेडलाइट चालू असताना, वळवताना जड होतं.’ ‘स्टेअरिंग हार्ड’ एवढंच लिहिलं की मेकॅनिकला तो प्रसंग पुन्हा घडवून बघता येत नाही. जुने पार्ट परत हवेत हे आधीच लिहून द्या. मान्य रकमेपेक्षा जास्त काम निघालं तर फोन केल्याशिवाय करू नका, हेही.

गाडी वॉरंटीत किंवा एक्स्टेंडेड वॉरंटीत असेल तर बाहेर काहीही उघडू नका. वॉरंटी नुकतीच संपली असेल तर कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करून चासी नंबर, किलोमीटर आणि सर्व्हिसचा इतिहास द्या आणि पार्टच्या किमतीत गुडविल सवलत मागा. सगळ्या सर्व्हिस वेळेवर झालेल्या असतील तर निम्मी किंमत सोडल्याची उदाहरणं आहेत. न मागता मात्र कुणी देत नाही.

रिकॉलही तपासा. चासी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की कळतं. मारुतीने २०२३ मध्ये एस-प्रेसो आणि इको मिळून ८७,५९९ गाड्या स्टेअरिंगच्या टाय रॉडसाठी परत बोलावल्या होत्या आणि २०२४ मध्ये २,५५५ अल्टो के१० स्टेअरिंग गिअरबॉक्ससाठी. रिकॉलमधलं काम फुकट होतं. गाडी सेकंड हँड घेतली असेल तर ते पत्र पहिल्या मालकाच्या पत्त्यावर गेलेलं असणार, तेव्हा हे आवर्जून बघा.

विम्याकडून फार आशा ठेवू नका. नेहमीच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा विजेचा बिघाड वगळलेला असतो. अपघातात रॅक वाकला, पुरात कॉलम भिजला, तर क्लेम बसतो. त्यातही झीरो डेप (घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन) नसेल तर रबरी भागांवर ५० टक्के कापतात आणि धातूच्या भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे, पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. पाण्यात बुडालेली गाडी मात्र सुरू न करता टो करा, नाहीतर पुढचं नुकसान तुमच्या माथी मारलं जातं.

पैसे घेऊनही दुरुस्ती झाली नाही, किंवा न बदललेल्या पार्टचं बिल लावलं, तर आधी लेखी तक्रार गॅरेजला, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे न मिटलं तर जिल्हा ग्राहक आयोग. अर्ज ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या करता येतो, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि मुदत दोन वर्षं. जॉब कार्ड, पक्कं बिल आणि कोडचा तो फोटो इथे उपयोगी पडतो. कच्च्या चिठ्ठीवर काम करून घेऊन जीएसटी वाचवला असेल तर तक्रारीच्या वेळी हात चोळत बसावं लागतं.

गाडी परत घेताना

काउंटरवर पैसे भरण्याआधी एक चक्कर मारा, मेकॅनिकला शेजारी बसवून. उभ्या गाडीत दोन्ही टोकांपर्यंत वळवा, जोर दोन्हीकडे सारखा लागायला हवा. सरळ, मोकळ्या रस्त्यावर गाडी सरळ जाताना स्टेअरिंग मधोमध आहे का बघा. वळण संपल्यावर ते आपलं आपण परत येतंय का तेही बघा. तिरकं बसलं असेल तर ‘अलाइनमेंटमध्ये येईल’ म्हणतील. मग अलाइनमेंट करूनच द्या म्हणावं. ईपीएस असेल तर किल्ली फिरवल्यावर पिवळा दिवा लागून विझायला हवा. अजिबात लागतच नसेल तर बल्ब काढून ठेवलाय की काय, हा संशय घ्यायला जागा आहे. मी तसं एकदा पाहिलंय.

ऑइलचं काम झालं असेल तर घरी आल्यावर रात्री इंजिनखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी तो उचलून डाग कुठे पडलाय, कसल्या रंगाचा आहे ते बघा. मेव्हणा आता आठवडाभर हे करतो, दुधाच्या पिशव्या आत घेण्याआधी.